आधी माप, मग सामान, रंग शेवटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या रेसर सायकलींना नवे रूप देण्याबद्दल आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. माळ्यावर पडलेली पोलादी रेसर भंगारात न जाता पुन्हा रस्त्यावर यावी, हा त्यातला आग्रह मनापासून पटला. मात्र लेखात कामाचा जो क्रम दिला आहे (आधी फ्रेम रंगवून घ्या, मग नवे गिअर, ब्रेक आणि चाके बसवा) तो नेमका उलटा आहे. त्या क्रमाने जाणाऱ्याला रंगाचे पैसे दोनदा मोजावे लागतात. नवे सामान बसवताना फ्रेमची मागची बाजू फाकवावी लागते, चिमट्याचे (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कचे) भोक मोठे करावे लागते, चाकाचा ॲक्सल ज्या खाचेत बसतो तिच्यात कानस फिरवावी लागते, कधी नळीवर केबलचे थांबे झाळून घ्यावे लागतात. यातले प्रत्येक काम ताज्या रंगाचा पापुद्रा उडवते.

सर्वांत आधी फ्रेम जगवण्याच्या लायकीची आहे का ते बघावे. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) मागे, वरच्या आणि तिरप्या नळीच्या खालच्या अंगाने बोट फिरवा. तिथे सुरकुती किंवा फुगवटा लागला तर ती सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. तिच्यावर एक रुपयाही घालू नका. नळ्यांच्या सांध्यांवर रंगात केसाएवढी रेघ दिसली तर तेवढा रंग खरवडून खाली तडा आहे का हे पाहावे. सीटपोस्ट आणि हँडलचा स्टेम निघतो का, हेही याच टप्प्यावर तपासायचे. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे कोरडा राहिला की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्या आणि दांडा पिळून काढा. बाजूने हातोडा मारला तर नळी चेपते.

आता माप. मागच्या चाकाच्या दोन खाचांमधले आतले अंतर व्हर्निअरने घ्या, कारण पुढचे बहुतेक निर्णय या एका आकड्यावर ठरतात. पाच गिअरच्या जुन्या फ्रेममध्ये ते साधारण १२० मिलिमीटर असते, सहा-सात गिअरच्या फ्रेममध्ये १२६. आजचे रिमब्रेकचे रोड हब (चाकाचा मधला भाग) १३० चे असतात. १२६ च्या फ्रेममध्ये १३० चा हब हाताने फाकवून बसतो आणि बरेच जण तसाच बसवतात. पण मग दोन खाचा एकमेकींना समांतर राहत नाहीत, ॲक्सलवर तिरका ताण येतो आणि दर पंक्चरला चाक काढणे-घालणे हे दोन माणसांचे काम होऊन बसते.

योग्य रीत म्हणजे फ्रेम थंड अवस्थेतच, न तापवता, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर कायमची फाकवायची. पोलाद स्प्रिंगसारखे मागे येते, त्यामुळे ओढताना दोनपेक्षा बरेच जास्त ओढावे लागते. थोडे ओढा, सोडा, मोजा, पुन्हा ओढा. आटे पाडलेल्या १० मिलिमीटरच्या सळईवर दोन नट फिरवून दोन्ही बाजू एकदम ढकलण्याची युक्ती सर्रास वापरली जाते, पण तिच्यात एक खोट आहे: जी बाजू कमकुवत, तीच जास्त सरकते. चेनकडची नळी क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) चक्रासाठी बहुधा चेपलेली असते, मग तीच आधी वाकते आणि मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेतून सुटते. म्हणून फ्रेम पक्की धरून एकेका बाजूला लाकडी वाशाने स्वतंत्र ओढ द्यावी.

तपासायला एक मजबूत दोरा पुरतो. डाव्या खाचेला दोरा बांधा, तो हेड ट्यूबला वळसा घालून उजव्या खाचेपर्यंत आणा आणि ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजा. फरक एक मिलिमीटरच्या आत आला पाहिजे. ही तपासणी फाकवण्याआधीही करावी. पुष्कळ जुन्या फ्रेम मुळातच एका बाजूला कललेल्या निघतात आणि तेव्हा एकाच बाजूला चार मिलिमीटर ओढून दोन्ही कामे साधतात. १२० वरून थेट १३० ला मात्र जाऊ नये. मागच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पुलाचा सांधा त्यात तडकू शकतो. अशा फ्रेमला १२६ वर थांबवून सात गिअर घ्यावेत. आणि हा सगळा प्रकार फक्त पोलादासाठी आहे. ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची फ्रेम कधीही फाकवू नये.

फ्रेम फाकवली की मागचा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्या कानावर बसतो तो कानही फिरतो. तो वाकडा राहिला तर गिअर कितीही जुळवले तरी मधली दोन-तीन चक्रे कुरकुरत राहतात आणि दोष बिचाऱ्या नव्या डिरेल्युअरवर जातो. खास अवजार नसेल तर क्विक रिलीजचे एखादे जास्तीचे मागचे चाक घ्या. त्याच्या ॲक्सलचे आटे १० मिलिमीटर जाडीचे, एक मिलिमीटर अंतराचे असतात आणि बहुतेक कानांचे आटेही तेच असतात. ते चाक कानात आट्याने फिरवून बसवा, म्हणजे सायकलच्या चाकाशेजारी दुसरे चाक उभे राहील. दोन्ही रिममधले अंतर वर, खाली, पुढे, मागे सारखे येईपर्यंत कान हलक्या हाताने सरळ करा.

पैसे मोजके असतील तर गिअरआधी चाके आणि ब्रेक बदला. जुन्या क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर पावसात रबर धरतच नाही. जुलैत वरंध किंवा ताम्हिणी उतरताना हा जिवाचा प्रश्न आहे. ॲल्युमिनियमची रिम घातली की ओल्या रस्त्यावरचा ब्रेक पुष्कळ सुधारतो. जुन्या रेसरची चाके बहुधा २७ इंची असतात. तिथे टायर बसण्याचा व्यास ६३० मिलिमीटर, तर आजच्या ७००सी रिमचा ६२२. म्हणजे ब्रेकच्या रबराला चार मिलिमीटर खाली पोचावे लागते. ब्रेकच्या बोल्टच्या मध्यापासून नव्या रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत अंतर मोजा आणि मगच ब्रेक घ्या. आखूड हातांचे आधुनिक ब्रेक ३९ ते ४९ मिलिमीटरपर्यंत पोचतात, लांब हातांचे ४७ ते ५७, त्याहून लांब ५५ ते ७३. दिसायला सुबक म्हणून आखूड ब्रेक आणले जातात, ते पोचत नाहीत, मग त्यांची खाच कानसून लांबवली जाते. हे करू नये. रबर रिमच्या वर सरकून टायरच्या भिंतीला घासते आणि टायर उतारावर फुटतो.

बोल्टचीही अडचण येते. जुन्या फ्रेमला ब्रेक लांब बोल्टने आणि बाहेरच्या साध्या नटाने बसतो. नव्या ब्रेकचा बोल्ट आखूड असतो आणि आत शिरणाऱ्या ॲलन नटाने आवळतो. चिमट्याच्या डोक्याचे फक्त मागच्या बाजूचे भोक ८ मिलिमीटर करा, पुढचे होते तसेच ठेवा. मागच्या पुलाला भोक पाडून तो दुबळा करण्यापेक्षा जोडीतल्या ब्रेकची अदलाबदल करा: पुढच्या ब्रेकचा बोल्ट लांब असतो, तो मागे साध्या नटाने बसतो आणि मागचा ब्रेक लांब ॲलन नट घालून पुढे बसतो. मग रबराच्या पट्ट्या मात्र उलटून बसवायला विसरू नका. पट्टी ज्या खोबणीत सरकते तिचे बंद टोक पुढेच आले पाहिजे, नाहीतर जोराच्या ब्रेकला पट्टी सुटून उडते.

पुढच्या चाकाबाबत देशी आणि जुन्या इंग्रजी चिमट्यांत खाच ८ मिलिमीटरच्या आसपास असते, नवा ॲक्सल ९ चा. कानस चालवायचीच, पण खाचेच्या रुंदीत. तळ एका बाजूला जास्त खाल्ला गेला तर चाक कायम तिरके उभे राहते.

क्रँकच्या सांध्यात आटे ओळखल्याशिवाय पाना लावू नका. इंग्रजी बीबीची (क्रँकचा ॲक्सल धरणाऱ्या बॉटम ब्रॅकेटची) नळी ६८ मिलिमीटर रुंद असते आणि तिचा चेनकडचा कप उलट्या आट्यांचा, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटणारा. इटालियन नळी ७० मिलिमीटर, आटे दोन्हीकडे सुलटे. जुन्या फ्रेंच फ्रेममध्ये (प्यूजो कंपनीच्या सायकलींत हे बरेचदा दिसते) ३५ मिलिमीटरचे सुलटे आटे असतात आणि त्यात इंग्रजी कप जबरदस्तीने घातला तर आटे कायमचे जातात. कॉटर पिनचे (पाचरीने अडकवलेले) क्रँक काढताना खालून लोखंडी नळीचा आधार द्या, म्हणजे हातोड्याचा मार छर्‍यांवर बसणार नाही. जागी चौकोनी टोकांचा बंद बीबी घालावा. त्याच्या ॲक्सलची लांबी (११०, ११३, ११८ वगैरे) फ्रेमवर नव्हे, नव्या क्रँकवर ठरते.

गिअर किती? १३० च्या हबवर आठ. अकरा-बारा गिअरचा मोह सोडावा. आठ गिअरची चेन जाड आणि स्वस्त असते, कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) तालुक्याच्या गावीही मागवता येते, आणि नळीवरच्या जुन्या घर्षणाच्या (ठरावीक टप्प्यांशिवाय सरकणाऱ्या) लिव्हरनेही आठ गिअर बिनतक्रार बदलतात. त्या लिव्हर ठेवल्या तर सायकलचे मूळ रूप टिकते आणि हँडलवरचे महाग शिफ्टर वाचतात. पुढे ५० आणि ३४ दाती चक्रे, मागे ११ ते ३२ ची कॅसेट आणि लांब पिंजऱ्याचा डिरेल्युअर घेतला की सह्याद्रीतले घाट बसून चढता येतात. हँडलवरचे शिफ्टर हवेच असतील तर लिव्हरच्या जागी केबलचे थांबे लागतील, आणि नव्या शिफ्टरसोबत ब्रेकही त्याच पिढीचे घ्यावेत. नवी लिव्हर केबल जास्त ओढते, त्यामुळे जुन्या ब्रेकवर जोर कमी पडतो.

स्टेमचा दांडा बहुतेक ठिकाणी २२.२ मिलिमीटरचा असतो. हँडलची जाडी मात्र २५.४, २६ किंवा ३१.८ यांपैकी नेमकी जुळली पाहिजे. पातळ पत्र्याची पट्टी घालून भागवू नका.

जी सायकल मूळ सामानासकट पूर्ण आहे, तिला शक्यतो हात लावू नये. इटलीत १९९७ पासून भरणाऱ्या एरोईका फेरीत १९८७ किंवा त्याआधीच्या रोड सायकली नळीवरच्या गिअर लिव्हरसह, बाहेरून जाणाऱ्या ब्रेक केबलसह चालवल्या जातात. बदल केलाच तर काढलेले मूळ सामान तेल लावून डब्यात ठेवावे.

सगळे सामान बसवून सायकल थोडे दिवस कच्च्या रूपातच चालवा. काही घासत, वाजत, अडत नाही ही खात्री पटली की सगळे खोला आणि मग रंगाकडे वळा. फ्रेम जाडसर वाळूच्या फवाऱ्याखाली देऊ नका. चांगल्या नळ्या मध्यभागी जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीच्या असतात, त्यांना खड्डे पडतात. पेंट रिमूव्हर किंवा बारीक काचमण्यांचा हलका फवारा पुरे. क्रोम केलेली टोके झाकून घ्या, क्रोमवर रंग टिकत नाही. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते. पितळी झाळ त्याला दाद देत नाही, पण आतली पुट्टी फुगते, म्हणून पोचे पुट्टीने भरले असतील तर टू-के (दोन घटक मिसळून वापरायच्या) पॉलियुरेथेनचा फवारा घ्यावा. लगची (नळ्या जोडणाऱ्या सांध्याच्या तुकड्याची) कोरीव कडा दिसावी असे वाटत असेल तरीही तोच घ्यावा, कारण पावडरचा थर जाड बसतो आणि कडा बोथट होतात. बीबीच्या आट्यांत जुना कप फिरवून ठेवा. चाकाच्या खाचांच्या दोन्ही तोंडांवरचा रंग काढून टाका, नाहीतर नटाखाली पावडर दबत जाते आणि आवळलेले चाक सैल होते. कोकणात आणि मुंबईत नळ्यांच्या आत जवसाचे तेल फिरवून निथळून घ्यावे.

रंग निवडताना मूळ छटा उन्हात उडालेल्या भागावरून ठरवू नये. लिव्हरच्या पट्ट्याखाली, बीबीच्या तळाशी ती शाबूत सापडते. बियांकी या इटालियन कंपनीचा सेलेस्ते (हिरवट निळा) तर दशकागणिक बदलत गेला आहे, त्यामुळे नुसत्या नावावर रंग मागवला तर हमखास वेगळा येतो. नमुना दाखवा, किंवा राल या रंगमानकाच्या तक्त्यातला क्रमांक सांगा: शेवाळी हिरवा ६००५, माणकाचा लाल ३००३, फिका हस्तिदंती १०१५.

सामानाचा रंग फ्रेमइतकाच महत्त्वाचा. बारीक नळ्यांच्या फ्रेमवर जाडजूड काळा क्रँक उपरा दिसतो. क्रँक, रिम, स्टेम, सीटपोस्ट चारही चंदेरी घ्या किंवा चारही काळे. अर्धे-अर्धे केले की उरलेसुरले सामान जोडल्यासारखे दिसते. सीट आणि हँडलची पट्टी एका रंगाची, केबलचे आवरण पट्टीच्या किंवा फ्रेमच्या रंगाचे, टायरची कड तपकिरी असेल तर पट्टी काळी नको. खऱ्या चामड्याच्या सीटला रेक्झिनची पट्टी कधीच जुळत नाही. तिथे सुती पट्टी गुंडाळून तिच्यावर सुताराकडचे लाखेचे पॉलिश तीन-चार हात द्यावे. लाख सुती रंगाला गडद करते: पिवळी पट्टी मधासारखी होते, लाल विटकरी होते. म्हणून आधी तुकड्यावर लावून, वाळवून, सीटशेजारी धरून बघा. वाळलेली लाख पावसाचे पाणी पट्टीत सहजी मुरू देत नाही, आणि खरचटलेल्या जागी पुन्हा एक हात दिला की भागते.

शेवटची जुळणी करताना सीटपोस्ट, स्टेम आणि बीबीच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा, चाकांचा आऊट (वाकडेपणा) काढा आणि ताणून सैल पडलेल्या केबल ओढून घ्या.

आपला,
सायकलींची जुळणी करणारा एक वाचक, पुणे