कैलासाच्या वाटेवर एक विसावा हवा

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री डॉ. एस. जयशंकर,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : कैलास-मानसरोवरला नेपाळमार्गे जाणाऱ्या यात्रेकरूंची तपासणी आणि वाटेतले मुक्काम

महोदय,
सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातली, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी थोरल्या भावाबरोबर, म्हणजे आमच्या दादाबरोबर, कैलास-मानसरोवरला गेले होते. दादा जिवंत परत आला. आमच्या गटाला नशिबाने मिळालेलं हे परतणं पुढच्यांना नशिबावर सोडावं लागू नये, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

यात्रा पाच वर्षं बंद होती. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बीजिंगला भारत-चीनची बोलणी झाली आणि 2025 च्या जूनमध्ये वाट पुन्हा उघडली. त्या वर्षी 5561 जणांनी अर्ज केले आणि 750 जणांची निवड झाली. उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीवरून 50 जणांच्या पाच तुकड्या, सिक्कीममधल्या नाथू ला खिंडीवरून दहा. आमच्या गल्लीतल्या देवळात ही बातमी वाचून दाखवली तेव्हा बायकांनी हात जोडले होते. आपण हे घडवून आणलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

पण उरलेल्या जवळजवळ पाच हजार लोकांचं काय होतं, ते मला माहीत आहे. ज्यांची ओढ खरी असते ते घरी बसत नाहीत. ते नेपाळमार्गे जातात. आम्हीही तसेच गेलो.

दादाचं नाव 2018 मध्ये सरकारी सोडतीत लागलं होतं. पेढे वाटले, सगळ्या आळीने ओवाळलं. दिल्लीच्या तपासणीत त्याचा रक्तदाब वर निघाला आणि डॉक्टरांनी त्याला थांबवलं. त्या डॉक्टरांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. दादा आठव्या दिवशी घरी आला, सॅक न उघडता माळ्यावर टाकली आणि कित्येक दिवस कुणाशी धड बोलला नाही.

पुढच्या वर्षी तोच दादा, तोच रक्तदाब आणि तीच सॅक घेऊन एका खाजगी सहल कंपनीबरोबर निघाला. त्या कंपनीच्या कागदावर ‘माझी प्रकृती उत्तम आहे’ अशी एक ओळ होती. खाली त्याने सही केली. त्याच्या मनगटाला कुणी हात लावला नाही. मी परिचारिका. मला हे दिसत होतं आणि मी गप्प बसले, कारण दिल्लीहून परतलेला त्याचा चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता. त्या गप्प बसण्याची टोचणी अजून गेलेली नाही.

महोदय, माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या डॉक्टरांनी ज्याला एका दारातून जाऊ दिलं नाही, तो दुसऱ्या दारातून गेला, आणि त्या दाराशी कुणीच उभं नव्हतं.

आता उंचीचं सांगते. नेपाळगंज समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरवर आहे. तिथून छोट्या विमानाने सिमीकोट, साधारण 2900 मीटर. सिमीकोटहून हेलिकॉप्टरने हिल्सा, 3640. कर्णालीवरचा पूल ओलांडला की चीनची हद्द, आणि पुढे तिबेटमधलं तकलाकोट गाव, सुमारे 3900 मीटर. आपल्या महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक कळसूबाई, ते 1646 मीटर. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत सिमीकोटला एक रात्र आणि तकलाकोटला दोन रात्री लिहिल्या होत्या. पण श्रावणातले ढग. नेपाळगंजच्या उकाड्यात आम्ही दोन दिवस विमानाची वाट बघत बसलो. तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं आणि बुडालेले दिवस भरून काढायची घाई सुरू झाली. सकाळी दीडशे मीटरवर चहा घेतला आणि रात्री 3900 मीटरवर झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मानसरोवराच्या काठावर, 4590 मीटरवर.

बुडालेले दोन दिवस विसाव्यातून कापले गेले. ऑक्सिजनच्या नळकांड्या, स्वयंपाकी, गरम पाण्याच्या पिशव्या यांतलं काही कमी केलं नाही. शरीराला ज्याची सगळ्यात जास्त गरज होती तेवढंच कापलं, कारण त्या दोन रात्रींत ‘काहीच घडत नाही’ असं सगळ्यांना वाटतं. खरं तर सगळं तेव्हाच घडत असतं. श्वास खोल होतो, मूत्रपिंडं रक्ताचा तोल सावरतात, विरळ हवेत जगायची तयारी चालू असते. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरहून जास्त चढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा गिर्यारोहकांचा साधा नियम आहे.

आपल्या वारीला हे कधीपासून कळलेलं आहे. ज्ञानोबांची पालखी पुण्यात दोन रात्री राहते. दिवेघाट चढून सासवडला पोचली की तिथेही दोन रात्री. वाटेत विसावे ठरलेले, मुक्काम ठरलेले. उशीर झाला म्हणून सासवडचा मुक्काम रद्द करा, असं कुणी चोपदारांना म्हणत नाही. नोकरीत असताना लोणंद-फलटणच्या बाजूला वारीतल्या आरोग्यपथकात मी कितीतरी आषाढ काढले. पायाला फोड आलेल्या म्हातारीला आम्ही ‘आज बसा माउली’ म्हणायचो आणि ती बसायची. कैलासाच्या वाटेवर बसा म्हणणारं कुणी भेटलं नाही.

त्या रात्री काठावरच्या खोलीत दादाला कोरडा खोकला सुरू झाला. दुपारपासून जेवला नव्हता. आपल्याकडच्या लोकांना यात वेगळं काही वाटत नाही. यात्रेत उपास घडला तर चांगलंच, त्रास झाला तर देव परीक्षा बघतोय. गटातल्या एक काकू डोकं फुटेस्तोवर दुखत असताना ‘भोले बाबाची इच्छा’ म्हणत पडून होत्या. रात्री अकराला दादाचा श्वास बसल्या जागी लागायला लागला. पुढे कोविडमध्ये घराघरांत पोचलेलं ते बोटाला लावायचं यंत्र माझ्या पिशवीत होतं. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 61 आला. पाठीला कान लावला तर आत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. फुप्फुसांत पाणी उतरत होतं. यावर सगळ्यात मोठं औषध एकच, खाली उतरणं, आणि तेही लगेच.

गटप्रमुख म्हणाला, आता ऑक्सिजन लावा, सकाळी बघू. वर म्हणाला, परवाना सगळ्या गटाचा एकच आहे, एकट्याला मागे कसं पाठवणार? तो माणूस दुष्ट नव्हता. त्याला नियमांची भीती होती आणि आजाराची माहिती नव्हती. शेवटी आमच्याबरोबरच्या नेपाळी स्वयंपाक्याने ड्रायव्हरला उठवलं, दादाला पाठीवर घेतलं आणि गाडीत बसवलं. पहाटे आम्ही तकलाकोटला होतो. सात-एकशे मीटर खाली. दुपारपर्यंत आकडा 80 च्या वर गेला आणि दादाने चहा मागितला. त्या स्वयंपाक्याचं वय जेमतेम पंचवीस असेल. त्याला हे कुठे शिकायला मिळालं, असं विचारलं तर म्हणाला, एव्हरेस्टच्या वाटेवर भार वाहायचो, तिथे फेरीचेला डॉक्टर लोक सांगतात.

फेरीचे आणि अन्नपूर्णेच्या बाजूला मनांग, इथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे डॉक्टर गिर्यारोहणाच्या हंगामात येणाऱ्या-जाणाऱ्यांना उंचीच्या आजाराची माहिती देतात. तिथे हौशी ट्रेकरलाही ‘डोकं दुखतंय तर वर जाऊ नका’ हे कळतं. आमच्या साठीतल्या यात्रेकरूला कळत नाही. नेपाळमधल्याच गोसाईंकुंडावर, जनाईपूर्णिमेच्या जत्रेत, डॉ. बुद्ध बस्न्यात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात्रेकरूंना तपासलं होतं. सुमारे दोन तृतीयांश लोकांना उंचीचा त्रास झालेला आढळला. ते कुंड मानसरोवरापेक्षा खाली आहे.

आपल्या मंत्रालयाची यात्रा हे सगळं जाणते. वयाची अट 18 ते 70, दिल्लीत तपासणी, वर पुन्हा तपासणी. लिपुलेखच्या वाटेवर गुंजी आणि नाभीढांगला शरीराला सवय व्हावी म्हणून मुक्काम. पूर्वी रस्ता नव्हता तेव्हा धारचुलाहून लिपुलेखपर्यंत चालतच आठवडा जायचा. तो आठवडाच औषध होता. चीनच्या हद्दीत मृत्यू आला तर तिथेच अंत्यसंस्कार करायची संमतीसुद्धा आपण आधी लिहून घेता. इतकी जाणीव ठेवणारं सरकार बाकीच्या हजारोंच्या बाबतीत दूर राहू शकत नाही.

नेपाळ स्वतंत्र देश आहे, तिथे आपले नियम चालत नाहीत, हे मला कळतं. पण या सहली विकल्या जातात पुण्यात, नाशकात, नागपुरात. पैसे इथे भरले जातात. तेव्हा विक्रीच्या जागीच अट घालता येईल. अमरनाथची गुहा 3900 मीटरच्याही आत आहे, तरी ठरवून दिलेल्या डॉक्टरांच्या आरोग्य प्रमाणपत्राशिवाय तिथे कुणाला सोडत नाहीत आणि ते प्रमाणपत्र आपापल्या राज्यात मिळतं. मग मानसरोवराला, जिथे काठच 700 मीटर जास्त उंच आहे आणि कैलासाच्या परिक्रमेत डोलमा ला ही खिंड 5630 मीटरवर लागते, जिथे हवा जवळजवळ निम्मी उरते, तिथे नेपाळमार्गे जाणाऱ्याला जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र का नसावं? ते पैसे भरण्याच्या आधी व्हावं. पैसे भरल्यावर माणूस आजार लपवतो, हे मी चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं आहे. त्याच कागदावर मुक्कामांच्या रात्री लिहिलेल्या असाव्यात आणि ढगांनी दिवस खाल्ले तरी त्या रात्री कापता येऊ नयेत. वाटल्यास परिक्रमा कमी करा.

एक पान मराठीतही हवं. हिंदी, गुजराती, कन्नड, तमिळ, सगळ्या भाषांत हवं. त्यावर मोठ्या अक्षरात एवढंच की बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत चालता येईना, बोलणं असंबद्ध झालं तर रात्र असली तरी खाली उतरा. ऑक्सिजनची नळी लावून तिथेच झोपू नका.

आणि जे फक्त आपल्यालाच करता येईल ते शेवटी सांगते. 2025 च्या ऑगस्टमध्ये भारत आणि चीन या दोन्ही देशांनी ही यात्रा 2026 मध्ये आणखी वाढवायचं ठरवलं. पुढच्या बोलण्यांत कृपा करून हेही घ्या : गटाच्या परवान्यावर आलेला माणूस आजारी पडला तर त्याला आणि सोबतच्या एकाला तेव्हाच्या तेव्हा गट सोडून खाली आणि सीमेपार जाता यावं. आम्ही दोघं तकलाकोटला चार दिवस बाकीच्यांची वाट बघत थांबलो. दादा बरा होत होता म्हणून ते चाललं. त्याला मोठ्या इस्पितळाची गरज लागली असती तर त्या चार दिवसांचं काय केलं असतं, हे मला अजून सुचत नाही.

त्या चार दिवसांत गट परिक्रमा करून आला. काठावर पोचलो त्या दुपारी कैलासावर ढग होते. रात्री गाडीत दादाला काही दिसायचा प्रश्नच नव्हता. त्याने कैलास पाहिला नाही. मी पाहिला, पहाटे, गाडीच्या मागच्या काचेतून, मिनिटभर. त्याला हे मी वर्षभर सांगितलं नव्हतं.

दादा आता 69 वर्षांचा आहे. रोज सकाळी अजिंक्यतारा चढतो, मीठ सोडलं आहे, रक्तदाबाची वही ठेवतो आणि दर रविवारी ती माझ्यासमोर उघडतो. अर्ज त्याने पुन्हा भरायचं ठरवलं आहे. सोडतीत नाव आलं तर तपासणी आहे, जे होईल ते मान्य. नाव नाही आलं तर तो नेपाळचं विचारणार आहे, आणि मला त्याला काय सांगायचं ते आपल्या उत्तरावर आहे.

आपली नम्र,
साताऱ्याची एक निवृत्त परिचारिका