ग्रुप झाल्यावरचा एक फोटो

सांगली

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

दसऱ्यापासून स्टुडिओ तू सांभाळणार हे ठरलं आणि तुझे मेसेज सुरू झाले. स्ट्रोब म्हणजे फ्लॅशचा दिवा कोणता घ्यायचा, उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स केवढा, मागचा पडदा करडा की पांढरा. ते सगळं घेऊ. पण पुण्यात तू वस्तूंचे फोटो काढायला शिकलीस. बाटली लाजत नाही, तिचे पाय दुखत नाहीत, शेजारच्या बाटलीशी तिचा अबोला नसतो. आपल्याकडे माणसं येतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दुकानाचं भाडं आणि लाइटबिल पासपोर्ट फोटोंवर निघतं. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा सरळ. ते काम झटपट आणि स्वच्छ कर, त्यात शिकवण्यासारखं फार नाही. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या की नाही ते तुझं तू ठरव. मला बोलायचंय ते फॅमिली फोटोबद्दल. ज्याच्या त्याच्या हातात कॅमेऱ्याचे फोन आले तेव्हा सगळे म्हणाले, आता स्टुडिओत कोण येणार? येतात. फोनवर फोटो काढणारं माणूस फोटोत नसतं, आणि बऱ्याच घरांत ते माणूस म्हणजे आई. फोन फोटोंनी भरलेला असतो, पण सगळं घर एकत्र असलेला फोटो शोधायला गेलं तर सापडत नाही.

कुटुंब आत आलं की लगेच कॅमेऱ्याला हात लावू नकोस. आधी आजी-आजोबांना बसव, पाणी विचार. हात असलेली खुर्ची त्यांची, उठता-बसता आधार लागतो. एकदा ते टेकले की त्यांना हलवायचं नाही, बाकीच्यांना त्यांच्याभोवती आणायचं. डोकी एका रेषेत येऊ देऊ नकोस, त्यासाठीच आपल्याकडे कमी-जास्त उंचीची स्टुलं आहेत. मग अंतर मिटव. आपल्याकडे सासरा-सून, दीर-भावजय फोटोला उभे राहिले की मध्ये वीतभर जागा सोडतात. समोर उभं राहून बघताना ती खटकत नाही, फोटोत मात्र भगदाड दिसतं. ‘जरा सरका’ म्हटल्याने कुणी सरकत नाही. त्याऐवजी मागच्याला अर्धं पाऊल पुढे टाकायला सांग आणि त्याचा खांदा पुढच्याच्या खांद्यामागे जाऊ दे. स्पर्श होत नाही, फट मिटते, कुणी अवघडत नाही. शेवटी हात बघ. रिकाम्या हातांच्या मुठी वळतात. आजोबांचा हात थरथरत असेल तर काठी त्यांच्या हातातच राहू दे आणि नातीला त्यावर हात ठेवायला सांग.

आता तुझ्या लाइटचं. मोठा उजेड घे, आणि ग्रुपला तो लांब ठेव. जवळच्या टोकाचा माणूस दिव्यापासून ४ फुटांवर आणि पलीकडच्या टोकाचा ८ फुटांवर असेल, तर पलीकडच्याला चौथा हिस्साच उजेड मिळतो. काका पांढरेफटक, आत्या अंधारात. तोच दिवा मागे नेऊन १२ आणि १६ फूट असं अंतर केलं की फरक एका स्टॉपच्या, म्हणजे दुपटीच्या, आत येतो. पॉवर वाढवावी लागेल, ती वाढव. दोन ओळी असतील तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक) ८ च्या खाली आणू नकोस, नाहीतर मागची ओळ धूसर होते, आणि फोकस पुढच्या ओळीतल्या डोळ्यांवर ठेव. वाइड लेन्सने ग्रुप काढायचा मोह टाळ, कडेची माणसं आडवी ताणली जातात. एकट्याचा चेहरा काढताना ८५ मिलिमीटरची लेन्स लाव आणि सहा फूट तरी मागे राहा. जवळ गेलीस की नाक मोठं आणि कान छोटे दिसणार. चष्म्यावर दिवा चमकत असेल तर दिवा वर ने. तरी भागलं नाही तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून बसव, काच खाली झुकते आणि चमक जाते. चष्मा काढायला मात्र कधी सांगू नकोस. ज्याला घरचे रोज चष्म्यात बघतात, त्याचा बिनचष्म्याचा फोटो घरच्यांना परका वाटतो.

एक गोष्ट तुला माझ्यापेक्षा चांगली जमेल. जुन्या काळचे नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी झनाना स्टुडिओ काढला होता. पडद्यातल्या बायका पुरुषासमोर बसणार नाहीत, म्हणून तिथे फोटो काढणारीही बाईच होती. पडदा गेला, पण संकोच गेलेला नाही. नऊवारी नेसलेल्या बाईचा पदर चुकीच्या ठिकाणी दुमडला असेल तर मी लांबून खुणा करतो आणि ती आणखीच अवघडते. तू जाऊन दोन बोटांनी नीट करशील. सातव्या-आठव्या महिन्यातल्या मुली, तान्हं बाळ घेऊन आलेल्या आया माझ्यापुढे श्वास रोखून बसतात. त्या तुझ्यासमोर सैल होतील. आतल्या खोलीचं दार नीट लागत नाही, ते आधी सुताराकडून करून घे. नव्या लाइटच्या आधी तो खर्च.

‘जरा गोरं करून द्या’ म्हणणारे तुला रोज भेटतील. आईवडील मुलीसमोरच म्हणतात आणि मुलगी खाली बघते. तिथे वाद घालू नकोस, पण गोरंही करू नकोस. सावळ्या चेहऱ्याला बाजूने उजेड दिला की गालाच्या हाडावर आणि कपाळावर जी झळाळी येते, ती दाखव. प्रिंट हातात दिली की बहुतेक लोक पुढचं बोलतच नाहीत. मुरुम काढ, तो आठवड्याने जाणारच असतो. तीळ, व्रण, सुरकुत्या यांना हात लावायचा नाही. तरीही कुणी हट्ट धरला तर पैसे परत कर. यात मी कुणाचं ऐकलेलं नाही, आणि तूही ऐकू नयेस असं मला मनापासून वाटतं.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. ग्रुप झाला, सगळे उठले, मुलं पळाली, की घरातल्या सर्वांत वडील माणसाला म्हणायचं, ‘आजी, बसा जरा, एक तुमचा घेते.’ विचारायचं नाही, पैसे लावायचे नाहीत, का काढते हेही सांगायचं नाही. तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा असतो, कारण त्यांच्या मते काम संपलेलं असतं. दोन-तीन फोटो घे. एखाद्यात त्या दाराकडे, नातवंडांकडे बघत असतील, तोही ठेव. गिऱ्हाइकाने मागितला नाही तरी पुसू नकोस.

हार घालायच्या फोटोसाठी लोक येतात तेव्हा बरोबर काय आणतात ते तू पाहिलेलं नाहीस. आधार कार्डाची झेरॉक्स. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधला नखाएवढा चेहरा, त्यावर मागच्या माणसाच्या हाताची सावली. त्यातून १२ बाय १५ इंची करून द्या म्हणतात, आणि आपण देतो, पण तो चेहरा त्यांच्या माणसाचा राहत नाही. अशाच एका मुलाला मी म्हटलं, थांब, आणि रजिस्टर काढलं. त्याच्या बहिणीच्या बारशानंतर ते सगळे आपल्याकडे आले होते. त्या नोंदीच्या पाकिटात वडिलांचा एकट्याचा फोटो निघाला, शर्टाच्या खिशाला पेन, आणि हसू नुकतं ओसरत असलेलं. तो काउंटरला धरून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, ‘हे पेन माझ्याकडे आहे.’ त्याला नेमकं तेवढंच बोलता आलं.

म्हणून रजिस्टर. तारीख, घराचं नाव, गाव, पाकिटाचा नंबर. आता पाकिटाऐवजी फोल्डर, पण वहीत हाताने लिहिणं सोडू नकोस. फाइलींच्या तीन प्रती ठेव: दोन वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुकानाबाहेर. दुकानाबाहेर का, ते सांगलीत राहून वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि पाणी ओसरल्यावर लोक फुगलेले अल्बम घेऊन आपल्याकडे आले. जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो पुष्कळसे वाचले. तो कागद मुळात पाण्यातच जन्मलेला, आधी डेव्हलपर, मग फोटो पक्का करणारा हायपो आणि मग धुणं. स्वच्छ गार पाण्यात हलकेच हलवून सुटे करायचे आणि तोंड वर करून सुती कापडावर सुकवायचे. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या बऱ्याच फोटोंचे रंग मात्र वाहून गेले होते. फ्रेमच्या काचेला फोटो चिकटून सुकला असेल तर ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा. ओढला की चेहरा काचेवर राहतो.

त्या वेळी आपली निगेटिव्ह माळ्यावर होती, म्हणून कित्येकांना पुन्हा प्रिंट देता आल्या. तो माळा रिकामा करून तिथे मेकअपची जागा करायचं तुझ्या मनात आहे, असं आई म्हणाली. जागा कर, पण निगेटिव्ह खाली आणू नकोस. शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची खोली भाड्याने मिळतेय, मी बोलून ठेवलंय. गणपतीला आलीस की बघून घे. शॉप अ‍ॅक्टच्या कागदांवरही तुझं नाव घालायचंय, आधारची प्रत बरोबर आण.

बाबा