'ऑक्स' कधी उमटतं ते बघ

ओटावा, 14 जानेवारी

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू म्हणालास, घर गरम ठेवणाऱ्या हीट पंपचं विजेचं बिल बघून छातीत धस्स झालं. वहिनी उठल्या उठल्या थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवायचं बटण) 23 अंशांवर नेतात, हेही सांगितलंस. तेव्हाच ठरवलं, सविस्तर लिहायचं. हॅलिफॅक्समधला तुमचा पहिला हिवाळा असा धास्तीत जायला नको.

थर्मोस्टॅटवर 'ऑक्स' (ऑक्झिलरी, म्हणजे जोडीची उष्णता) अशी अक्षरं कधी उमटतात ते आठवडाभर बघ. ती उमटली की डक्टमधली (गरम हवा खोल्यांत नेणाऱ्या नळीतली) विजेची कॉइल सुरू झाली म्हणून समज. आमची 10 किलोवॉटची आहे, म्हणजे आपल्याकडचे 2 किलोवॉटचे पाच गीझर एकदम लावल्यासारखं. तासाला 10 युनिट! हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, म्हणून शून्याच्या आसपासही एका युनिटमागे दोन-अडीच युनिटांची ऊब देतो. कॉइल एकाला एकच देते.

आम्ही पहिल्या वर्षी रात्री 16 आणि पहाटे 21 ठेवायचो. गॅसच्या फर्नेसला हे चालतं. हीट पंपाकडे पाच अंश एकदम मागितले की थर्मोस्टॅट लगेच कॉइलला हाक मारतो आणि रात्रभर वाचवलेलं सकाळी तासाभरात जातं. आता 20 वर ठेवतो, रात्री फार तर एक अंश कमी.

वहिनींचंही चुकत नाही रे. पंपाची हवा 35 अंशांच्या आसपास येते, हाताला कोमटच लागते. आई आली होती तेव्हा ती सारखी व्हेंटवर, गरम हवा येते त्या जाळीवर, हात धरायची आणि हळूच आकडा वाढवायची. शेवटी तिच्या खुर्चीजवळ साधा तापमापक ठेवला. त्यात 21 दिसल्यावर तिचा जीव थाऱ्यावर आला.

थर्मोस्टॅटवरच्या 'इमर्जन्सी हीट' या सेटिंगला मात्र हात लावू नका. त्यात पंप बंद राहतो आणि सगळा भार कॉइलवर येतो. पंप बिघडला तरच ते वापरायचं. आमच्याकडे यंत्र बसवणाऱ्याने 'थंडी वाढली की हे लावा' असं सांगितलं होतं. तीन आठवडे आम्ही ते इमानाने पाळलं. अजून राग येतो.

तंत्रज्ञाकडून 'लॉकआउट' तापमान लावून घे. बाहेर त्याहून जास्त असेल तर कॉइल लागतच नाही. आमचं उणे 10 आहे, तुमचं तुमच्या पंपाच्या ताकदीवर ठरेल. कॉइल कायमची बंद करू नकोस. कडाक्याच्या रात्री पंप थकतो तेव्हा घर तीच सांभाळते. पंपाच्या घराबाहेरच्या यंत्रातून मधूनच वाफ निघेल, तेव्हा घाबरू नका. ते स्वतःवरचं बर्फ वितळवत असतं. तेवढी काही मिनिटं कॉइल लागली तर लागू दे. त्या यंत्राभोवतीचं बर्फ मात्र दर हिमवर्षावानंतर उपस, आणि फिल्टर आजच काढून बघ. मागच्या मालकाने तो कधी बदलला होता कोण जाणे.

तंत्रज्ञ येईल तेव्हा मला व्हिडिओ कॉल लाव, मी त्याच्याशी बोलतो. वहिनींना नमस्कार, पिल्लाला पापा.

तुझाच