जैसलमेरचे बुकिंग करण्याआधी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरातल्या टूर कंपन्यांच्या जाहिरातींत राजस्थान झळकू लागते. जैसलमेरच्या दोन रात्रींपुढे ठरलेला मजकूर असतो : एक रात्र थ्री स्टार हॉटेल ‘किंवा तत्सम’, एक रात्र डेझर्ट कॅम्प. या एका ओळीत ग्राहकाला कळायला हवे असे जवळजवळ काहीच नसते. हॉटेल किल्ल्यापासून किती दूर, त्याला लिफ्ट आहे का, कॅम्पमध्ये गरम पाणी किती वाजता मिळते, हे पैसे भरल्यावर कळते. म्हणून हे पत्र.

जैसलमेरला राहण्याच्या जागा मुख्यतः चार प्रकारच्या : किल्ल्याच्या आतली हॉटेले, किल्ल्याच्या पायथ्याच्या शहरातली, सम आणि जोधपूर रस्त्यांवरचे रिसॉर्ट, आणि सम किंवा खुडी या गावांच्या वाळूजवळचे तंबू. आमचे मत आधीच सांगतो. घरात वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील तर दोन्ही रात्री पायथ्याच्या शहरात काढाव्यात आणि समला फक्त एक संध्याकाळ जाऊन यावे. किल्ल्यातली खोली कोणीच घेऊ नये.

किल्ल्याबद्दल एवढे ठाम का, ते सांगायला हवे. रावळ जैसलने 1156 मध्ये त्रिकूट टेकडीवर वसवलेला हा किल्ला आजही लोकवस्तीचा आहे. राजस्थानातल्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांसोबत 2013 मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पण टेकडीचा खडक मऊ आहे, त्यात चिकणमातीचे थर आहेत. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे जेमतेम दोनशेच्या आसपास. किल्ल्यातली जुनी गटारे घागरीने आणलेल्या पाण्याच्या हिशेबाने बांधलेली. नळ आले, मग प्रत्येक खोलीला जोडून बाथरूम आले, आणि गळके पाइप व तुंबलेल्या गटारांतून पाणी टेकडीत मुरू लागले. चिकणमाती भिजून फुगते, वाळल्यावर आकसते आणि वरच्या भिंती तडकतात. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने 1996 मध्येच हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत टाकला होता. तिथे शॉवरखाली अर्धा तास उभे राहणारा प्रत्येक पाहुणा त्यात भर घालतो.

ज्यांना हे कारण पुरेसे वाटत नाही त्यांच्यासाठी व्यवहाराचे. पर्यटकांची मोठी गाडी वर जात नाही. अखै पोळपासून हवा पोळपर्यंत चार दरवाज्यांतून वळत जाणारा दगडी चढ आहे आणि पायांनी गुळगुळीत झालेली फरशी घसरते. रिक्षा सोडते तिथून पुढे बॅगा बोळांतून उचलून न्याव्या लागतात. जिने अरुंद, पायऱ्या उंच, लिफ्टचा प्रश्नच नाही. शिवाय किल्ल्यातल्या खोलीतून किल्ला दिसत नाही. संध्याकाळी पिवळा दगड सोन्यासारखा उजळतो ते पाहायचे तर खालच्या गच्चीवरून.

पायथ्याच्या शहरात निवड करताना जागा पाहावी, फोटो नव्हे. ढिब्बा पाडा आणि गांधी चौकाच्या बाजूला किल्ला अगदी डोक्यावर असतो, पण गल्ल्या अरुंद आहेत. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा बस घेऊन जाणाऱ्या गटाने हनुमान चौराहा किंवा गडीसर तलावाकडचा रुंद रस्ता धरावा. तिथून किल्ला रिक्षेने काही मिनिटांवर आहे. रेल्वे स्टेशनही पूर्वेला साधारण दोन किलोमीटरवरच, त्यामुळे ‘स्टेशनजवळ’ या सोयीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

‘हवेली’ नावाच्या हॉटेलांची इथे रेलचेल आहे. त्यातल्या बऱ्याच इमारती अलीकडे सिमेंटात उभारून वर पिवळ्या दगडाची जाळी लावलेल्या आहेत. त्यात वाईट काही नाही, उलट बाथरूम सहसा चांगले असते. फक्त वारसा हॉटेलचा दर त्यांना देऊ नये. पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत ‘हेरिटेज’ म्हणवून घ्यायला इमारत 1950 पूर्वीची असावी लागते, तेव्हा बांधकामाचे साल विचारण्यात संकोच नको. खऱ्या जुन्या हवेलीच्या जाड दगडी भिंती दुपारचे ऊन उशिरा आत येऊ देतात आणि रात्री हळूहळू उष्णता सोडतात, हा तिचा मोठा गुण. दोष असा की आतल्या चौकाकडे उघडणाऱ्या काही खोल्यांना बाहेरची खिडकीच नसते. ‘बाहेरची खिडकी असलेली खोली’ हे शब्द बुकिंगमध्ये लिहून घ्यावेत.

ताऱ्यांचेही तसेच. सरकारी स्टार वर्गवारी ऐच्छिक असते आणि पाच वर्षांसाठी मिळते. बुकिंगच्या अ‍ॅपवर दिसणारे तारे ती वर्गवारी असतीलच असे नाही. त्यामुळे जाहिरातीतल्या ‘थ्री स्टार’पुढे प्रमाणपत्र आहे का, एवढे विचारावे.

अगदी स्वस्त खोल्यांमागे जैसलमेरात एक जुनी युक्ती असते. खोली नाममात्र भाड्याने द्यायची आणि पाहुणा आला की त्याच हॉटेलची उंट सफारी घेण्यासाठी मागे लागायचे. नकार दिला की खोली ‘आधीच बुक झालेली’ निघते. सफारी सक्तीची नाही असा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून ठेवला की हा त्रास बहुतेक टळतो.

आता तंबू. नागपूरकरांचा खरा उत्साह इथेच असतो आणि तक्रारीही इथल्याच. सम हे गाव जैसलमेर शहरापासून चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला आहे, गाडीने सुमारे तासभर. डिसेंबरअखेर तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी साडेसातच्या आसपास उगवतो, आपल्यापेक्षा बराच उशिरा. कॅम्पचा चेक-इन दुपारी तीन-चारला, चेक-आउट सकाळी नऊ-दहाला. म्हणजे एका रात्रीचे भाडे देऊन हाती सतरा-अठरा तास येतात आणि त्यातले तेराहून जास्त अंधाराचे.

‘स्विस टेंट’ म्हणजे दुहेरी कॅनव्हास, खाली सिमेंटचा कोबा, मागे जोडलेले बाथरूम. कॅनव्हास उष्णता धरून ठेवत नाही. जानेवारीत जैसलमेरचे रात्रीचे तापमान सरासरी सात-आठ अंशांपर्यंत उतरते, उघड्या वाळूजवळ गारठा आणखी जाणवतो, आणि पहाटेपर्यंत तंबूच्या आतबाहेर फारसा फरक उरत नाही. हीटर का देत नाहीत? हिशेब करून पाहा. एका तंबूत 1000 वॅटचा हीटर आणि 2000 वॅटचा गिझर धरला तर चाळीस तंबूंना 120 किलोवॅट लागतात. जनरेटरवर चालणाऱ्या छावणीला हे झेपत नाही. म्हणून गरम पाणी सकाळी ठराविक तास-दोन तासच मिळते, बऱ्याच ठिकाणी बादलीने, आणि मध्यरात्रीनंतर जनरेटर बंद होण्याची शक्यता असते. रात्री झोपताना श्वसनाचे यंत्र लागणाऱ्यांनी हे नक्की विचारून घ्यावे. माणशी दोन रजया मागाव्यात, मोबाइल आणि पॉवर बँक जेवणाआधीच चार्ज कराव्यात.

पॅकेजमध्ये ‘उंट सवारी’ असते, पण बहुधा एका उंटावर दोघे आणि वीस-तीस मिनिटे. जीप सफारी सहसा वेगळ्या पैशांची. उघड्या जीपने वाळूच्या उतारावरून आदळत खाली येणे हा प्रकार मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी टाळावा. जेवणानंतर तर कोणीच करू नये. ‘वाळूसमोरचा कॅम्प’ म्हणजे काय, हेही विचारावे. अनेक छावण्या टेकड्यांच्या अलीकडे डांबरी रस्त्याच्या कडेला आहेत आणि तंबूतून समोर दिसतो तो पुढचा तंबू. नकाशावरचे नेमके ठिकाण मागवले की खरे काय ते कळते.

संध्याकाळचा कार्यक्रम मात्र पाहण्यासारखा असतो. मांगणियार गायक-वादकांचे गाणे आणि कालबेलिया नृत्य (2010 पासून युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत) उघड्या आकाशाखाली ऐकायला-पाहायला मिळते. मग काही ठिकाणी डीजे सुरू होतो आणि शेजारच्या तीन कॅम्पांचे तीन डीजे एकमेकांवर चढतात. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने मनाई आहे. हा सगळा प्रदेश डेझर्ट नॅशनल पार्कच्या, म्हणजे माळढोकच्या शेवटच्या मोठ्या आसऱ्याच्या लगत आहे, हेही आयोजकांनी लक्षात ठेवलेले बरे.

वाळूत रात्र काढायचीच असेल तर आमचा कौल खुडीला. नैर्ऋत्येला जवळपास तितक्याच अंतरावरचे हे गाव समपेक्षा शांत आहे. तिथे मातीच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या मिळतात. मातीची भिंत दिवसाची ऊब धरून ठेवते, म्हणून जानेवारीत कुठल्याही ‘लक्झरी’ तंबूपेक्षा ती बरी.

मुक्काम नको असलेल्यांनी शहरातून दुपारी साडेतीनला निघावे, सूर्यास्त पाहावा आणि एखाद्या कॅम्पमध्ये फक्त कार्यक्रम व जेवणाचे पैसे भरावेत. रात्री दहाच्या आत हॉटेलवर परत येता येते. परतीच्या अंधारात रस्त्यावर उंट आणि गुरे बसलेली असतात, तेव्हा ड्रायव्हरला घाई करायला लावू नये. दुसऱ्या दिवशी सीमेजवळचे तनोट-लोंगेवाला करायचे असेल तर रात्र शहरातच हवी. तनोट रामगढमार्गे सुमारे 120 किलोमीटर आहे, जाऊन येऊन पूर्ण दिवस लागतो.

शहराबाहेरच्या मोठ्या रिसॉर्टबद्दल थोडक्यात. खोल्या उत्तम, बाग मोठी, शांतता खरी. पण दर वेळी किल्ल्याकडे जायला गाडी लागते आणि रात्री बाजारात सहज फिरून येता येत नाही. डिसेंबरात गरम न केलेल्या जलतरण तलावात कोणी उतरत नाही, तेव्हा त्या सोयीचे पैसे कशाला द्यायचे? ऑक्टोबर आणि मार्चमध्ये तो कामाचा. दिवसभर कुठे जायचेच नसलेल्या जोडप्यासाठी रिसॉर्ट योग्य, तीन दिवसांत सात ठिकाणे पाहणाऱ्या गटासाठी नाही.

करही पाहावा. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर 18 टक्के. 7500 ची खोली 7875 ला पडते आणि 7600 ची 8968 ला. शंभर रुपयांच्या फरकाला 1093 रुपये! दर या रेषेच्या जरा वर असेल तर घासाघीस करून खाली आणावा. महागड्या खोल्यांच्या हॉटेलात जेवणाच्या बिलावरही सहसा 18 टक्के कर लागतो. 31 डिसेंबरला ‘गाला डिनर’चे सक्तीचे पैसे वेगळे असतात का, हे आधीच ठरवून घ्यावे. माघ पौर्णिमेच्या सुमारास होणाऱ्या मरु महोत्सवातही दर चढतात.

उन्हाळ्याचे नागपूरकरांना काय सांगावे? कोरड्या हवेत कूलर तिथेही चांगला चालतो. पण एप्रिलनंतर बरेच कॅम्प बंद असतात आणि वाळूची वादळे येतात. सावजीची सवय असलेल्यांनी कॅम्पच्या बुफेकडून फार आशा ठेवू नये. ‘लाल मांस’ हे झणझणीत राजस्थानी मटण खायचे तर शहरात.

आपल्या दैनिकामार्फत नागपूरच्या टूर कंपन्यांना विनंती आहे की जैसलमेरच्या जाहिरातीत हॉटेलचे नाव, किल्ल्यापासूनचे अंतर, लिफ्ट आहे की नाही आणि कॅम्पमधल्या वीज व गरम पाण्याच्या वेळा छापाव्यात. ऐनवेळी हॉटेल बदलले तर ग्राहकाला बुकिंग रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतील, ही अटही सोबत असावी.

आपले,
सहल-नियोजनाच्या व्यवसायातील काही वाचक,
धंतोली, नागपूर