प्रयोगशाळा हवी, पण तिच्या चुका वेळेवर कळल्या पाहिजेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बॉस्टन शहरातल्या अतिसुरक्षित विषाणू प्रयोगशाळेवरचा लेख आला, तेव्हापासून आमच्या वाचनालयात तोच विषय चालू आहे. बहुतेकांचे मत एकच पडले : असले काही बेळगावच्या वाऱ्यालाही नको. ही भीती मला समजते. पण खानापूर तालुक्यातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला भाग वाटते.

आपल्या भागात माकडताप आहे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मेली, पाठोपाठ माणसे तापाने पडली, आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या या रोगात शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. 2016 मध्ये गोव्याच्या काजूबागांत कामाला गेलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या मजुरांना तो झाला. माझ्या विद्यार्थ्यांचे आईवडील याच कामाला जायचे. बोंडे गोळा करत अनवाणी पाचोळ्यातून हिंडायचे, भाकरी खाऊन दुपारी त्याच पाचोळ्यावर पाठ टेकायची. गोचीड तिथेच चिकटते, आणि तिची पिल्ले इतकी बारीक की चटकन डोळ्याला दिसतही नाहीत. चार-आठ दिवसांनी ताप भरतो, तोवर माणूस घरी परतलेला असतो.

अशा विषाणूवर काम करायला बंदिस्त जागाच लागते. पुण्यात पाषाणला 2012 मध्ये चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीची प्रयोगशाळा सुरू झाली. आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे कुठे फट पडली तरी हवा आत ओढली जाते. बाहेर जाणारी हवा गाळून आणि सांडपाणी निर्जंतुक करूनच सोडतात. केरळात 2018 मध्ये निपाह आला तेव्हा नमुन्यांची तपासणी तिथे झाली. या सोयी नाकारल्याने रोग वेशीबाहेर राहत नाही, निदान तेवढे लांबते.

बेळगावला तर हे नवेही नाही. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत आज लोक सकाळी फिरायला जातात. तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. वासरांच्या कातडीवर व्रण उठवून त्यातून लस काढायची, ही तेव्हाची पद्धत. ते काम या शहराच्या कुशीत चालले आणि देवी जगातून गेली.

तरीही ‘शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवा’ एवढ्यावर मी थांबणार नाही. 2007 साली इंग्लंडमध्ये पिरब्राइट येथे लाळ्या-खुरकुताचा विषाणू संशोधन आवारातल्या गळक्या सांडपाण्याच्या नळातून बाहेर पडला आणि शेजारच्या गोठ्यांत पोचला. यंत्रणा अत्याधुनिक होती, पण जुन्या नळाची दुरुस्ती कोणी करायची हे ठरत नव्हते. रशियातल्या स्वेर्दलोव्स्कमध्ये 1979 साली लष्करी कारखान्यातून अँथ्रॅक्सचे जंतू हवेत गेले, किमान 66 माणसे मेली, आणि सरकार कित्येक वर्षे दूषित मांसाचे कारण सांगत राहिले.

बॉस्टनचा विरोधही मला म्हणूनच रास्त वाटतो. ज्या विद्यापीठाला प्रयोगशाळा उभारायची होती, त्याच्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत 2004 मध्ये तीन संशोधकांना तुलारेमियाची, म्हणजे सशांसारख्या प्राण्यांतून माणसाला होणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची, लागण झाली. लोकांना ते पुढच्या वर्षी जानेवारीत समजले. शेजारी वस्ती गरिबांची, कृष्णवर्णीयांची. ‘आमच्याच उशाशी का?’ हा त्यांचा प्रश्न होता. ते कोर्टात गेले. 2007 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनेही त्या प्रकल्पाचे जोखीम-मूल्यमापन विश्वासार्ह नसल्याचे सांगितले. इमारत 2008 मध्ये उभी राहिली, पण चौथ्या श्रेणीचे काम सुरू व्हायला 2018 उजाडले. ही दहा वर्षे वाया गेली असे मी मानत नाही. त्या काळात जोखीम नव्याने तपासली गेली, आणि रहिवाशांची समिती प्रयोगशाळेला प्रश्न विचारू लागली.

आपल्याकडे हे विचारणार कोण? सीमाभागात सरकारी सूचना बहुधा कन्नडमध्येच येतात. कणकुंबी-जांबोटीकडच्या वयस्क बायकांना त्या वाचता येत नाहीत, आणि काजूला जाणाऱ्या बहुतेक त्याच. रानात मेलेले माकड दिसले तर हात न लावता कोणाला कळवायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. एखाद्याचे रक्त तपासायला पाठवले तर ते कुठे गेले आणि निकाल काय आला, हेही घरच्यांना धड कळत नाही. मग अफवा उठणारच.

म्हणून माझी जिल्हा प्रशासनाकडे मागणी आहे. डिसेंबरपासून माकडतापाचा हंगाम सुरू होतो. त्याआधी खानापूर तालुक्यातल्या जंगलालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत सूचना लावाव्यात, तपासणीचा निकाल रुग्णाच्या घरी लेखी द्यावा. आणि या भागात विषाणूंवर काम करणारी कोणतीही संस्था असो वा पुढे येवो, तिथल्या प्रत्येक अपघाताची माहिती आठवड्याच्या आत जाहीर करण्याचे बंधन तिच्यावर घालावे. आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव