सूचना : घरच्या सेशनच्या नोंदी

मुलांच्या घरी जाऊन वर्तन-उपचाराचं सेशन घेणाऱ्या सर्व टेक्निशियननी मुलाच्या वर्तनाची नोंद तिथल्या तिथे करावी. परतताना रंकाळ्यावर गाडी लावून आठवेल तसा भरलेला तक्ता म्हणजे डेटा नव्हे.

‘खूप चिडला’ असं लिहू नका. ‘मोबाइल काढून घेतला, जमिनीवर पडून ४० सेकंद रडला, आजींनी मोबाइल परत दिला’ असं लिहा. आधी काय, वर्तन काय, नंतर काय. रडणं टिकतंय ते बहुधा या शेवटच्या तुकड्यामुळे. आजींना सुनावू नका, सुपरवायझरना कळवा. मुलाच्या उपचाराच्या आराखड्यानुसार, रडल्यावर मोबाइल देणं थांबवलं की रडणं आधी वाढू शकतं. तेव्हाच दिला तर पुढच्या खेपेला आणखी जोर चढतो. इजेची शक्यता दिसली तर आधी सुरक्षितता, मग लगेच फोन.

मुलांची नावं, फोटो, व्हिडिओ या ग्रुपवर टाकू नयेत. पालकांची हरकत नसली तरीही.