कावळा आणि दोनशे रुपये

मेलबर्न, रविवार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण फोनवर आपली गाडी 'जेवलीस का', 'पाऊस आहे का', 'गोळ्या घेतल्या का' यापुढं जात नाही. मी जरा पुढं रेटली की आईचं ठरलेलं, "शुभ बोल रे नाऱ्या." म्हणून कागद घेतला.

दिवाळीत बाबांच्या मागं लागून मी रंकाळ्यावर आले होते. "म्हाताऱ्यांत तुझं काय काम," असं पुटपुटत का होईना, नेलंत. मी कट्ट्याच्या टोकाला भेळेचा कागद धरून मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं. कान मात्र तुमच्यातच होते.

तात्या आले तेच पेपर हलवत. "आज तुझा फोटो नव्हता छापलेला, म्हटलं येतोय गडी."

"आलोय की. फाईल वर गेलीया, पण सहीला साहेब जाग्यावर न्हाई," तुम्ही म्हणालात. जन्म महसुलात गेला, आता चित्रगुप्ताचीही कचेरी करून टाकलीत!

मग वकीलकाकांनी सगळ्यांना तंबी दिली : पावसाळ्यात कुणी मरायचं नाही. "२०१९ ला पंचगंगा ५५ फुटांवर गेल्याली. जित्या माणसाला वाट न्हवती, मेलेल्याला कोण देणार?" त्यावर तात्या, "मरायचं ते होळीनंतर. पोरं सरणाला शेणी दान करत्यात, साठा भरपूर असतोय." आपल्याकडं महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, याचा तुम्हा लोकांना केवढा अभिमान. "जन्मभर घरफाळा भरलाय, हे एक तरी फुकट पायजे!" इतकी वर्षं परदेशात राहून मी मरणावर माणसं एवढी खळखळून हसताना पाहिली नाहीत.

आणि मास्तरांची गोष्ट. पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल मॅचवर तात्यांशी दोनशे रुपयांची पैज हरले आणि पैसे न देताच गेले. रक्षाविसर्जनाला निवद ठेवला तर कावळा शिवेना. पुरणपोळी झाली, चहा झाला, तांबडा रस्साही ठेवून झाला. थोरला हात जोडून म्हणाला, आईला सांभाळतो. धाकटा म्हणाला, शेत विकत नाही. कावळा झाडावर, हलायला तयार नाही. ऊन चढलं. शेवटी तात्या पुढं होऊन ओरडले, "मास्तर, दोनशे माफ!" आणि कावळा खाली. वकीलकाका हे सांगत होते तेव्हा तुम्ही पोट धरून हसत होता. तात्याही हसत होते, पण चष्मा काढून पुसत होते. एकदा पुसला, परत पुसला. तेवढ्यात चहावाला आला आणि पैसे कुणी द्यायचे यावरून तुमची जुंपली.

त्याच गडबडीत, कप तोंडाला लावता लावता तुम्ही बोलून गेलात, "मला पोरगी येईस्तोवर बर्फात ठेवू नका रं. आणि त्या नळ्या-बिळ्या, मशीन, काय नको. गुमान न्यायचं." कुणी काही बोललं नाही. तात्यांनी तुमच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला.

बाबा, हे तुम्ही तात्यांना सांगितलंत. मी दहा हातांवर बसले होते. रात्रभर मला झोप नाही, आणि सकाळी तुम्ही विचारलंत काय, तर "बॅगेत चटणी भरलीस का?"

राग नाही. आला होता, विमानात उतरला. तात्यांना सांगताना तुम्हाला रडणारं तोंड बघावं लागत नाही, एवढं मला कळतं. पण अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर तात्यांना विचारणार नाहीत, आईला आणि मला विचारतील. तेव्हा 'बाबा एकदा रंकाळ्यावर म्हणाले होते' हे कुणाला सांगू?

तर एक काम करा. नळ्या-मशीन नको हे आधीच कागदावर लिहून ठेवा. त्याला 'लिव्हिंग विल' म्हणतात, आणि सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, तुमच्यासारख्या कचेरी जाणणाऱ्यानंही हात टेकले असते. २०२३ मध्ये ते सोपं केलं. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्यात भागतं. आपल्या वतीनं कोण बोलेल त्याचं नाव त्यात घालायचं. आईचं घाला, माझंही घाला. वकीलकाका मसुदा करतील. साक्षीला तात्या आहेतच, पण दुसरा जरा तरुण बघा.

आई, आता तू. मला 'शुभ बोल' म्हणतेस, आणि गहू निवडताना शेजारच्या काकूंना काय सांगत होतीस? "मी हिरव्या साडीत पुढं जाणार." काकू म्हणाल्या, "मग भाऊजींना चहा कोण देणार?" त्यावर तुम्ही दोघी इतक्या हसलात की गव्हातले खडे परत गव्हात गेले. कपाटात सगळ्यात खाली ती हिरवी इरकल घडी घालून ठेवली आहेस, तीही मी पाहिली. घडी मोडून दसऱ्याला नेस. पुढचं पुढं बघू, दुसरी घेऊ.

बर्फाचं म्हणाल तर, बाबा, तुमचंच खरं. इथून निघाले तरी दारात पोचायला दीड दिवस जातो. थांबू नका. फक्त निवद ठेवाल तेव्हा मला व्हिडिओ कॉल लावायला सांगा. कावळा आडून बसला तर काय कबूल करायचं ते मी बघीन.

तुमची,
बेबी

ता.क. बाबा, चहाची पावडर ओट्याखालच्या दुसऱ्या फळीवर, ढोकळ्याच्या पिठाच्या जुन्या डब्यात असते. साखर तिच्या मागं. मी सांगितलं म्हणून आईला सांगू नका.